हातचा एक

गेल्या वैशाखात चुलतभावाच्या मुलीचं लग्न गावाकडं झालं. आमचं गाव औसा तालुक्यातलं. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा, म्हणजे अक्षता पडायला अडीच. तोवर मंडपात माणूस मावेना. मी ऊन चुकवत मांडवामागं गेलो, तर तिथं चर खणून पेटवलेल्या लांबलचक चुलीवर आचाऱ्याची पातेली रांगेनं मांडलेली. भात, वांग्याची भाजी, वरण. बुंदी आदल्या रात्रीच पाडून झालेली. आणि सगळ्यात टोकाला, जाळापासून जरा बाजूला, एक भलं मोठं पातेलं ओल्या पोत्यानं झाकून ठेवलेलं.

"हे काय?" आमच्या काकांनी विचारलं. सामानाची यादी त्यांनीच आणली होती, त्यामुळं प्रत्येक पातेल्यावर त्यांची नजर.

"हातचं ठिवलंय, मालक."

काकांना ते रुचलं नाही. त्यांच्या मते हातचं ठेवणं म्हणजे संध्याकाळी घरी न्यायची तयारी. मला बाजूला घेऊन कुजबुजले, "डाळ आपली, आणि हा दडवून ठेवायलाय." मी पोतं उचलून पाहिलं. आत नुसती शिजवून घोटलेली तुरीची डाळ. फोडणी नाही, मीठ नाही, पळी उभी राहील इतकी घट्ट. तिसरी पंगत उठत होती तेव्हा मुलाकडचे दोन टेंपो आले, वाटेत पंक्चर झालेले. आचाऱ्यानं काही न बोलता पोतं काढलं, आधण ओतलं, मीठ टाकलं, शेजारच्या चुलीवर तेल तापवून मोहरी, लसूण, मिरची. दहा मिनिटांत वरण पंगतीत. काकांनीही त्याच पंगतीत हात धुऊन घेतले. वरण पातळ होतं, पण तेवढं बोलायला त्या दिवशी कुणाला तोंड नव्हतं.

परतताना गाडीत माझ्या डोक्यात वरण नव्हतं, तो शब्द होता. हातचं.

हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो जिल्हा परिषदेच्या शाळेत, दुसरीत. सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. गुरुजी फळ्यावर पाच लिहायचे आणि एक हवेत सोडून द्यायचे. तो एक कुठं जातो हे मला कळेना. एकदा धीर करून विचारलं, "गुरुजी, हातचा कुठं ठेवायचा?" गुरुजी म्हणाले, "हातात. म्हणून तर हातचा." वर्ग हसला. मी मात्र ते मनावर घेतलं. डाव्या हाताची मूठ वळायची, त्यात एक आहे असं समजायचं, दशकाच्या घरात पोचल्यावर मूठ उघडायची. पुढं पुढं मी पाटीवरच्या पेन्सिलीनं तळहातावर एक लिहू लागलो. उन्हाळ्यात घामानं तो पुसला जाई आणि बेरीज दहानं कमी येई. पाठीत धपाटा बसे तोही दहाचाच.

वजाबाकीत हातचा नसतो. तिथं उसना असतो. शेजारच्या घरी जायचं, एक मागून आणायचा, आणि गंमत म्हणजे तो कधीच परत करायचा नाही. शेजारी बिचारा एकानं कमी होऊन गप बसतो. माझ्या मुलीच्या पुस्तकात आता उसना नाही, ती "दशक सुटा केला" म्हणते, दुकानात जाऊन नोट मोडावी तसं. गणित म्हणून हे जास्त खरं आहे, मला मान्य आहे. पण ज्या मुलखात शेजारून वाटीभर साखर, चमचाभर चहापत्ती आणि पेरणीच्या वेळी पाभर उसनी आणून दिवस निघायचे, तिथल्या पोरांना उसना शब्द समजावून सांगावा लागत नव्हता.

शाळेतला तो हातचा आणि बोलण्यातलं हातचं राखणं, दोन्हींत एकच हात आहे. फक्त बोलताना त्याची चव पालटते. "वस्तादानं हातचं राखून शिकवलं." "तो गडी हातचं राखून खेळतो." "हातचं राखून न ठेवता मदत केली." वाक्यं नीट बघा. राखून ठेवलं की तक्रार, न राखता दिलं की कौतुक. म्हणजे हा शब्द नकारात आला तरच चांगला, होकारात आला की कुणीतरी कुणाचा तरी कंजूषपणा सांगतंय. काकांचा संशय शब्दाच्या या रुळलेल्या वाटेनंच गेला होता.

मराठीत मागं ठेवण्याला शब्द काही कमी नाहीत, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. दडवणं म्हटलं की चोरी आली. फाईल दाबून ठेवतात, ती कुणी राखून ठेवत नाही. रडू आवरतात. पाणी अडवतात, रस्ता अडवतात, आणि लग्नात नवऱ्या मुलाचं दार अडवतात तेव्हा त्याचे पैसे मिळतात. कोर्टानं मात्र स्वतःसाठी चांगला शब्द घेतला: निकाल राखून ठेवला. ज्याची तारखांवर तारखा खाऊन चप्पल झिजली त्याला विचारा हा दाबून ठेवला की राखून. एसटीत खिडकीच्या वर "महिलांसाठी राखीव" लिहिलेलं असतं, आणि खाली पटका बांधलेला एखादा आजोबा खिडकीकडं तोंड करून बसलेला असतो, वाचता येत नसल्यासारखा.

यातल्या राखण्याचं मूळ रक्षणात आहे हे सगळ्यांना माहीत असतं. चुलीतली राख त्याच घरातली आहे हे मला उशिरा कळलं. संस्कृतात रक्षा म्हणजे रक्षण, आणि रक्षा म्हणजे राखसुद्धा. आपण अजून रक्षाविसर्जन म्हणतो ते यामुळंच. पण जळून उरलेल्या भुकटीला राखणारी का म्हणावं? पुस्तकात शोधण्याआधी याचं उत्तर मी आजीच्या चुलीपाशी पाहिलं होतं.

आजीला आम्ही सगळे बाई म्हणायचो. बाईचं घर माळवदाचं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर मातीचा धाबा. आत एक बळद होतं, दिवसाही तिथं कंदील लागे. तिथं मडक्यांच्या उतरंडी. बी म्हणून ठेवलेली ज्वारी, मूग, तूर बाई चाळलेल्या राखेत कालवून मडक्यात भरी, वर कडुनिंबाचा पाला, तोंडावर शेणामातीचा लिंपा. राखेत किडा शिरत नाही. तो चालला की राख त्याच्या अंगाला घासते, त्याची कातडी कोरडी पडते आणि तो मरतो. म्हणजे राख बी राखायची. माझ्या हातून एकदा एका मडक्याचा लिंपा फुटला तेव्हा बाईनं मला मारलं नाही, पण दिवसभर माझ्याशी बोलली नाही. त्यापेक्षा धपाटा परवडला असता.

राखेचं दुसरं काम रात्रीचं. भाकरी झाल्या, जेवणं झाली की बाई चुलीतला जाळ विझवायची नाही. एक धगधगती गोवरी चुलीच्या पोटात सरकवायची आणि वरून राख ओढायची. अशी अलगद, की तान्ह्या लेकरावर पांघरूण घालतेय असं वाटावं. राख जास्त झाली तर विस्तव गुदमरतो, कमी झाली तर रातोरात जळून जातो. किती, हे बाईच्या हाताला माहीत होतं. पहाटे ती उलथण्यानं राख बाजूला करी, आतला लाल डोळा उघडा पडे, दोन काटक्या, एक फुंकर. घरात काडेपेटी होती. ती कोनाड्यात असायची, आणि बाईच्या लेखी काडी ओढणं हा रात्रीच्या कामातला आळस होता.

पेरणीला तर बाईचा शब्दच चालायचा. मिरगाचा पाऊस पडला, घात आली, की आजोबांना सगळं रान एका दमात पेरून मोकळं व्हायचं असे. बाई एक मडकं मागं ठेवी. "समदं बी चाड्यात घालायचं नसतंय. आभाळाचं काय सांगावं." आजोबा चिडत, तिला चिक्कू म्हणत. मग पेरलेलं उगवून येई, दोन पानांवर असताना पाऊस ओढ देई, वीस-पंचवीस दिवस आभाळ नुसतं पांढरं, आणि रोपं माना टाकत. दुबार पेरणी. त्या दिवशी बाई बळदातून मडकं आणून ढेलजेत ठेवायची. "म्हनलं नव्हतं का" हे वाक्य तिनं आजोबांना कधी ऐकवलं नाही. तेही तिनं हातचंच ठेवलं असावं.

आमच्या मुलखात पाऊस ठरलेल्या दिवशी येत नाही, भाव ठरलेला राहत नाही आणि नोकरी तर मुळात कमीच. तिथं हातचं राखणाऱ्याला कंजूष म्हणायचं धाडस ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आहे त्यानं करावं.

अर्थात राखलेलं दर वेळी फळतंच असं काही नाही. 2021च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीनचा भाव लातूरच्या बाजारात क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला होता. ज्यांच्याकडं माल होता ते थोडेच, पण तो आकडा सगळ्या जिल्ह्यानं पाहिला. पुढच्या उन्हाळ्यात भाव सात हजारांच्या आसपास होता, आणि माझ्या थोरल्या भावानं माल घरात ठेवला. दहा बघितलेल्या डोळ्यांना सात दिसत नव्हते. ढेलज पोत्यांनी भरलेली, झोपायचं तर पोत्यांवर. पाऊस आला, नवं पीक उभं राहिलं, भाव उतरत गेला. दिवाळीच्या आधी त्यानं पाच हजारानं विकलं. त्यातही उंदरांचा वाटा. वहिनी एवढंच म्हणाली, "भाव राखायला आपण काय व्यापारी हाव का?" मला त्यात बाईचं मडकं आणि भावाची पोती यांतला फरक ऐकू आला. मडकं कशाला ठेवलंय हे बाईला माहीत होतं. पोती कशासाठी थांबली होती, तर उद्या जास्त मिळावं म्हणून, आणि जास्त म्हणजे किती हे कुणी ठरवलं नव्हतं. भाऊ अजूनही मे महिन्यात गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून, पाणी शिंपडून, उगवण तपासतो. सत्तरच्या वर उगवले तर घरचंच बी पेरतो. तेवढं मात्र बाईचं राहिलं त्याच्यात.

पाण्याचं तर बोलायलाच नको. धरणाच्या भाषेत एक शब्द आहे, मृतसाठा. दरवाजाच्या पातळीखाली जे पाणी राहतं, जे कालव्यातून आपसूक सुटत नाही, ते. जायकवाडीचा एकूण साठा साधारण 102 टीएमसी, त्यातला 26 टीएमसी मृतसाठा. चौथा हिस्सा. ज्यानं हा शब्द घडवला तो इंजिनियर असणार, तहानलेला नसणार. कारण दुष्काळात छत्रपती संभाजीनगर जगतं ते याच मेलेल्या पाण्यावर, पंप लावून उपसून. वरच्या धरणांनी किती राखायचं आणि खाली किती सोडायचं यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा यांची भांडणं दर दोन-चार वर्षांनी ऑक्टोबरात पेटतात. 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, हे 2014 साली ठरलेलं सूत्र. वरचे म्हणतात आम्ही राखलं, खालचे म्हणतात तुम्ही अडवलं. पाणी तेच, फक्त क्रियापद कुणाच्या गावचं यावर भांडण.

2016 साली लातूरला तेही भांडण उरलं नव्हतं. मांजरा धरणाचा तळ फुटलेल्या खापरीसारखा दिसत होता. पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर जगानं ती गाडी पाहिली. आमच्या घरात आईनं काय पाहिलं ते सांगतो. एरवी सकाळ झाली की कालचं पाणी शिळं म्हणून ओतून, हंडा घासून ताजं भरायचं, हा तिचा नेम. त्या वर्षी तिनं शिळं हा शब्दच टाकला. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासात. देवघरातल्या तांब्यातलं पाणी मात्र ती रोज बदलायची. मी म्हटलं, देवाला काय कळतंय. म्हणाली, "त्याला तरी हातचं राखून नको."

माणसांचं राखणं याहून अवघड, आणि तिथं मी अजून चाचपडतोच.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, लातुरात गंजगोलाईजवळच्या एका आडतीवर मुनीम होते. रोजमेळ, खतावणी, पट्ट्या. बेरीज करताना ते ओठ हलवत नसत. उभ्या रकान्यावरून टाकाची मागची बाजू खाली सरकत जायची आणि तळाशी आकडा उमटायचा. हातचा ते लिहीत नसत, पुढच्या रकान्याच्या डोक्यावर फक्त एक टिंब द्यायचे. एकासाठी एक टिंब, दोनासाठी दोन. त्यांच्या वह्यांतून अशी टिंबं मुंग्यांसारखी चाललेली असत. मी त्यांना विचारलं होतं, टिंब कशाला, लक्षात राहत नाही का? म्हणाले, "हातचा ठेवायला अक्कल लागत नाही. पुढच्या घरात मिळवायला लागते. न मिळवलेला हातचा म्हणजे चूक." हे त्यांनी मला आयुष्यात सांगितलेल्या लांब वाक्यांपैकी एक.

बोलायचे फार कमी. मला एकदा हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात घेऊन गेले होते. तिथं सौदा तोंडानं होत नव्हता. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात हातात घ्यायचे, वर उपरणं टाकायचे, आणि उपरण्याखाली बोटं दाबून आकडे सांगायचे. चेहरे कोरडे. भोवती पन्नास माणसं, कुणाला काही कळत नाही. मला वाटलं अण्णांना हा बाजार इतका का आवडतो ते आज कळलं.

30 सप्टेंबर 1993ला मी तिसरीत होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे उशिरा झोपलेले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातुरात आमच्या खोलीतली भांडी फळीवरून खाली आली. अण्णांनी आम्हाला रस्त्यावर आणून बसवलं, आणि उजाडल्यावर आडतीच्या ट्रकमधून निघून गेले. भूकंपानं पडलेलं किल्लारी तिथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. वाटेत गावी उतरून बाईला पाहून घेतलं. माळवदाला भेग पडली होती, बाई अंगणात. राखेखालचा विस्तव तिनं पाटीत घालून बाहेर आणला होता आणि तीन दगडांवर गल्लीसाठी चहा ठेवला होता. हे बाईनं सांगितलं म्हणून माहीत. अण्णा चहा पिऊन पुढं गेले. तिसऱ्या दिवशी परत आले ते पावसात भिजून. दारातच अंघोळ केली, कपडे आत आणू दिले नाहीत. जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी आडतीवर.

त्यानंतर तीस वर्षं त्यांनी त्या तीन दिवसांबद्दल एक अक्षर काढलं नाही. मी कॉलेजात असताना विचारलं, नोकरीला लागल्यावर विचारलं. ते "व्हतं तसं व्हतं" म्हणायचे आणि पंचांग उघडायचे. एवढंच दिसे की माळवदाखाली ते परत कधी झोपले नाहीत. गावी गेलं की थंडीतसुद्धा अंगणात बाज, उशाशी बॅटरी आणि चपला. त्यांच्या शांतपणाला मी बरेच दिवस हातचं राखणं समजत होतो, मग राग धरला, मग सोडला. मीही घरात काही कमी राखून बोलत नाही, बायकोला विचारा.

अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. लग्नाहून परतल्यावर, त्या आचाऱ्याच्या पातेल्यानं डोकं खाल्लेलं असताना, मी त्यांची पत्र्याची पेटी काढली. घरखर्चाच्या वह्या वर्षावार सुतळीनं बांधलेल्या. 1993ची काढली. सप्टेंबरात दूध, शाळेची फी, गणपतीची वर्गणी. पानापानावर टिंबं, आणि मी उगीच दोन-चार बेरजा करून पाहिल्या, सगळ्या बरोबर.

30 सप्टेंबरच्या तारखेखाली चारच ओळी आहेत, नेहमीच्या सरळ अक्षरात.

रॉकेल 46
बिस्किटाचे पुडे 120
मेणबत्त्या 38
पांढरं कापड, दोन ताके 560

खाली बेरीज 754. दशकाच्या डोक्यावर टिंब दिलेलं आहे. मिळवलेलं नाही.